दुर्बीण

"तिचं दुर्बिणीचं झालं." वर्धा-नागपूरकडच्या खेड्यांत एवढं वाक्य पुरतं. पुढे कुणी काही विचारत नाही. दोन-तीन लेकरं झाली, आता बस, असा त्याचा अर्थ. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला दुर्बीण म्हटलं की गॅलिलिओ आणि गुरूचे चंद्र आठवत असतील. इथल्या बाईला आठवतो तो सरकारी दवाखान्याचा व्हरांडा, ओळीनं अंथरलेल्या सतरंज्या आणि बेंबीपाशी घातलेला एखादा टाका. हा शब्द लोकांच्या तोंडी कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनी बसवला आणि अजून तो तिथेच बसलेला आहे.

मला आज याच दुर्बिणीच्या दुसऱ्या एका कामाबद्दल लिहायचं आहे. ज्या मुली गर्भाशयाशिवाय जन्मतात, किंवा ज्यांची आतली वाट कुठेतरी बंद असते, त्यांच्यावर आज पोट न फाडता, दोन-तीन बारीक भोकांतून शस्त्रक्रिया करता येते. मूल नको म्हणून गावात आलेलं यंत्र, मूल होण्याची सोयच निसर्गानं ज्यांना दिली नाही अशा मुलींपर्यंत कसं पोचलं, याचा हा इतिहास. तसा छोटाच. पण वाचत गेलो तसा त्यात एक प्रश्न सारखा डोकं वर काढत राहिला: हे ऑपरेशन नेमकं कुणासाठी?

सुरुवात केळझरपासून करतो. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं, सेलू तालुक्यातलं हे गाव. इथला सिद्धिविनायक विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक. गाव स्वतःला महाभारतातली एकचक्रानगरी म्हणवतं. लाक्षागृहातून सुटलेली कुंती पाच पोरांना घेऊन इथे राहिली आणि भीमानं बकासुराला इथेच मारलं, अशी श्रद्धा. देवापुढे नवस बोलले जातात, त्यात मुलाबाळांचे आलेच. (गंमत बघा, ज्या कुंतीला या गावानं आसरा दिला म्हणतात, तिच्या घरातला एकही पांडव पंडूपासून झालेला नाही. मूल वेगळ्या मार्गानं होण्याचं आपल्याला कधीकाळी एवढं वावडं नव्हतं.)

केळझरच्या एका अंगाला वर्धा, सेवाग्राम, सावंगी आणि दुसऱ्या अंगाला नागपूर. म्हणजे मेडिकल कॉलेजांचा तुटवडा नाही. नागपूरचं १९४७ सालचं, सेवाग्रामचं १९६९ चं, सावंगीचं १९९० चं. त्यातलं सेवाग्रामचं तर कस्तुरबांच्या नावानं बायका-मुलांसाठी निघालेल्या दवाखान्यातून वाढलेलं, डॉ. सुशीला नायर यांनी उभं केलेलं.

आता एक साधा भागाकार. गर्भाशय आणि योनिमार्गाचा बराचसा भाग जन्मतःच नसणं, हे साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीत आढळतं. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या तेरा लाख, त्यात स्त्रिया सव्वासहा लाखांच्या वर. म्हणजे एकट्या या जिल्ह्यात सव्वाशेच्या आसपास तरी अशा बाया-मुली असायला हव्यात. हा भागाकार आहे, मोजणी नव्हे. पण कोणत्याही गावात जाऊन विचारा, "अशी कुणी आहे का?" उत्तर एकच मिळेल: आमच्याकडे नाही बा!

मग या जातात कुठे?

जुन्या काळाचं उत्तर भयंकर आहे. मुलीचं लग्न न्हाण येण्याच्या आत झालंच पाहिजे, असा दंडक होता. न्हाण आलं की मखरात बसवायचं, गोडधोड करायचं, मग ऋतुशांती, फलशोभन आणि नवऱ्याच्या खोलीत पाठवणी. १८९१ साली संमतिवयाचा कायदा दहावरून बारा वर्षांवर गेला तेव्हा टिळकांसकट अर्ध्या महाराष्ट्रानं केवढा गदारोळ केला ते आपण शाळेत वाचलेलं आहे. त्या वादात दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेली गोष्ट एकच होती, की न्हाण येणारच. ज्या मुलीला ते आलंच नाही, तिचं काय? तिचं लग्न तर आधीच होऊन गेलेलं. बारा, चौदा, सोळा... सासरी वाट बघणं चाललेलं. मखर नाही, ओटीभरण नाही. शेजारणी बोटं मोजतायत. पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची रीत असलेल्या घरात, कधीच बाजूला न बसणारी सून लपणार कशी? अशा मुलीला दोष तिच्या शरीराचा आहे हे कळायचं ते सासरीच, आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाच्या बोलणीतून. 'वांझ' हा शब्द तिच्यासाठी नव्हता खरं तर. वांझ बाईला निदान पाळी येते.

आपल्या जुन्या वैद्यांनी याची दखल घेतली नव्हती असं मात्र नाही. चरकसंहितेत वीस योनिव्यापदं सांगितली आहेत, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाचे वीस विकार. त्यातली दोन जन्मजात. एक 'सूचीमुखी', सुईच्या टोकाएवढं तोंड असलेली. दुसरी 'षंढी', बीजदोषामुळे गर्भातच आशय बिघडलेला, स्तन न वाढलेली. ही दुसरी असाध्य, उपचाराच्या भानगडीत पडू नये, असं चरक म्हणतो. निरीक्षण म्हणून हे कौतुकास्पदच आहे. (फक्त षंढीचं वर्णन आज आपण बोलतोय त्या मुलींना लागू पडत नाही, कारण यांचे स्तन नीट वाढतात. ते वर्णन बीजांडंच तयार न झालेल्या मुलींच्या जवळचं वाटतं.) खटकतं ते सूचीमुखीचं कारण: आईनं गरोदरपणी वातकारक खाल्लं म्हणून. दोन हजार वर्षांनी आपण वातकारक खाण्याच्या जागी ग्रहण पाहणं घातलं, बोट आईकडेच.

खरं कारण बऱ्याच वेळा आजही सापडत नाही. घडतं काय ते मात्र कळलेलं आहे. गर्भात मुलीच्या पोटात डावी-उजवीकडे दोन नळ्या असतात, जर्मन शास्त्रज्ञ म्यूलर याच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या. त्या खाली येऊन एकमेकींना मिळतात, मधली भिंत विरघळते आणि गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. नळ्या वाढल्याच नाहीत तर गर्भाशय नाही. मिळाल्या नाहीत तर दोन गर्भाशयं. भिंत विरघळली नाही तर मध्ये पडदा. खालचं दार उघडलं नाही तर वाट बंद. बीजांडकोश वेगळ्या ठिकाणाहून येतात, म्हणून ते शाबूत. त्यामुळे मुलगी चारचौघींसारखीच वाढते, वयात येते, फक्त पाळी येत नाही. आणि मूत्रपिंडांची जडणघडण शेजारीच चाललेली असल्यानं यातल्या बऱ्याच मुलींना एकच मूत्रपिंड असतं. गर्भाशय नसण्याच्या प्रकाराला माइयर, रोकिटान्स्की, क्यूस्टर आणि हाउझर अशा चार पुरुषांची नावं एकापुढे एक जोडून दिलेली आहेत. १८२९ पासून १९६१ पर्यंत हे नामकरण चाललं होतं.

नाव मिळालं, उपाय? १९३८ हे साल मोठं मजेशीर आहे. त्या एकाच वर्षी दोन अगदी उलट दिशेचे उपाय पुढे आले. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फ्रँकनं सांगितलं, चाकू लावूच नका. काचेच्या गुळगुळीत नळकांड्यांनी रोज थोडा थोडा दाब देत गेलं की तिथली त्वचा ताणत जाते आणि काही महिन्यांत वाट तयार होते. लंडनच्या आर्चिबाल्ड मॅकिंडोनं मांडीची कातडी काढून साच्यावर गुंडाळून नवा मार्ग शिवायची रीत रूढ केली. (हाच मॅकिंडो पुढे महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे दुरुस्त करून जगप्रसिद्ध झाला.) मॅकिंडोची पद्धत जगभर चालली, आपल्याकडेही. पण मांडीवर कायमचा व्रण, आणि नंतर महिनोन्‌महिने साचा वापरला नाही तर सगळं परत आक्रसणार. पुढे इटलीत वेक्किएत्तीनं १९६५ साली पोटातून दोरे ओढून, ऑलिव्हच्या फळाएवढ्या मण्याच्या दाबानं आठवडाभरात वाट करायची युक्ती काढली. रशियात दाविदोव्हनं पोटाच्या आतलं अस्तर, ज्याला डॉक्टर पेरिटोनियम म्हणतात, तेच खाली ओढून नव्या मार्गाला लावलं. दोन्ही कल्पना छान. पण दोन्हींसाठी पोट उघडावं लागायचं.

इथे दुर्बीण येते.

पोटात नळी घालून बघणं तसं जुनं, स्वीडनच्या याकोबेउसनं १९१० सालीच केलेलं. पण ते हातात धरून वाढवलं स्त्रीरोगतज्ज्ञांनी, पॅरिसच्या पामरनं आणि जर्मनीतल्या कील शहरातल्या कुर्ट सेमनं. आपल्याकडे जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्तन उडवाडियांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, त्याचं नाव सर्वत्र झालं, आणि ते व्हायलाच हवं. पण खेड्यापाड्यांत दुर्बीण त्याच्या कितीतरी आधी पोचली होती. आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंदीनं पुरुष बिथरले, सरकारही पडलं, आणि मग कुटुंबनियोजनाचं सगळं ओझं बायकांच्या पोटावर आलं. बेंबीपाशी एक भोक, बीजनलिकेवर रबरी रिंग, काही मिनिटांत काम खलास. मुंबईचे डॉ. पी. व्ही. मेहता यांनी १९८९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आपल्या एकट्याच्या हातच्या अशा शस्त्रक्रियांचा हिशोब छापला: २,५०,१३६. अडीच लाख! हा आकडा वाचून मी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. त्याच्याकडे कौतुकानं बघावं की धसक्यानं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवतो. ३६. मुंबईचेच डॉ. प्रवीण म्हात्रे यांनी २००३ ते २०१२ या काळात योनिमार्ग नसलेल्या छत्तीस रुग्णांवर दुर्बिणीतून, पोटाच्या आतलं अस्तर खाली ओढून घेऊन शस्त्रक्रिया केल्या आणि २०१४ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. कल्पना दाविदोव्हच्या जातकुळीतली, पण मांडीवर व्रण नाही आणि पोटावर लांब चीर नाही. एक ते सात वर्षं त्यांनी या रुग्णांची विचारपूस ठेवली. ओढून आणलेलं अस्तर कालांतरानं नैसर्गिक योनिमार्गाच्या त्वचेसारखंच होतं, असं त्यांना दिसलं. आणखी एक गोष्ट झाली, जी आधीच्या पद्धतींत कुणी फारशी डोक्यात घेतली नव्हती. नव्या मार्गातून बीजांडकोशापर्यंत पोचता येतं, म्हणून त्यातल्या पाच जणींची स्त्रीबीजं काढून सरोगसीनं गर्भधारणा साधता आली. वैद्यकाच्या मोठ्या इतिहासात छत्तीस म्हणजे काहीच नाही. पण ज्या यंत्रानं अडीच लाख बायांच्या नलिका बंद केल्या, त्याच यंत्रानं एक वाट उघडली, ही गोष्ट मला त्या छत्तीसांसाठी फार मोठी वाटते.

व्रण नसण्याचं महत्त्व शहरातल्या माणसाला पटकन कळत नाही. पोटावरची चीर म्हणजे कायमचा पुरावा. "कसलं ऑपरेशन झालं होतं गं?" या प्रश्नाला आयुष्यभर उत्तर देत बसायचं. बारीक भोकांचे डाग वर्षभरात दिसेनासे होतात. म्हणजे दुर्बिणीनं या मुलींना जी पहिली गोष्ट दिली ती गुप्तता. ती त्यांच्या फायद्याची की समाजाच्या सोयीची, हे मात्र मुलीगणिक बदलतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात शरीरसंबंधांच्या अक्षमतेवरून विवाह रद्द करून घेण्याची तरतूद आहे. पूर्वीच्या वैद्यकीय लिखाणात 'ऑपरेशन यशस्वी' म्हणजे काय, तर विवाहित जीवन शक्य झालं. नवरा समाधानी. मुलीला काय वाटलं, ती झोपते कशी, तिला राग येतो का, हे विचारायला बराच काळ जावा लागला.

ज्यांना गर्भाशय आहे पण वाट बंद आहे, त्यांचा मामला वेगळा आणि तातडीचा. तिथे वाट बघायची सोय नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी, दर महिन्याला पोट दुखतंय, पाळी मात्र नाही. आत रक्त साठत राहतं, गोळा होतो, एक दिवस लघवी अडते. पातळ पडदाच असेल तर छोटासा छेद पुरतो, दुर्बीणही लागत नाही. त्याहून फसवा प्रकार म्हणजे दोन गर्भाशयं आणि एकाच बाजूची वाट बंद. या मुलीला पाळी अगदी नियमित येते! मग तिच्या दुखण्यावर विश्वास कोण ठेवणार? "नाटकं करते, सगळ्यांनाच दुखतं." अपेंडिक्स समजून पोट उघडल्याच्या हकिकती वैद्यकीय नियतकालिकांत पुष्कळ आहेत. खूण एकच, सोनोग्राफीत त्या बाजूचं मूत्रपिंड दिसत नाही. कुणी ती खूण ओळखली तर मधला पडदा काढता येतो. आणि अर्धवट वाढलेल्या, वाट नसलेल्या गर्भाशयात रक्त साठत असेल तर तेवढाच भाग दुर्बिणीनं काढून उरलेलं गर्भाशय शाबूत ठेवता येतं. माझ्या मते दुर्बिणीचा सगळ्यात निर्विवाद उपयोग हा. इथे ऑपरेशन कुणासाठी, हा प्रश्न उरत नाही. जिचं दुखतंय, तिच्यासाठी.

उलट बाजूही सांगायला हवी. भोक जितकं लहान, तितका हात सैल सुटतो. गर्भाशयातला पडदा पूर्वी पोट उघडून काढावा लागायचा, म्हणून डॉक्टर दहादा विचार करत. आता तो खालून दुर्बीण घालून अर्ध्या तासात कापता येतो, म्हणून सर्रास कापला जाऊ लागला. गर्भपात टळतील ही आशा. २०२१ साली एक चाचणी प्रसिद्ध झाली, ऐंशी बायकांची, चिठ्ठी टाकून निम्म्यांचा पडदा कापलेला, निम्म्यांचा नाही. मूल हाती लागण्याचं प्रमाण कापलेल्यांत ३१ टक्के, न कापलेल्यांत ३५. चाचणी लहान आहे, तज्ज्ञ भांडतायत, भांडोत. पण सोपं झालं म्हणून आवश्यक झालं असं नसतं, हे गर्भाशय काढण्याच्या बाबतीत आपण २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्यांत बघितलंच आहे. खेड्यातल्या बोलीत गर्भाशयाला 'पिशवी' म्हणतात. पिशवी म्हटलं की काढून टाकायला सोपी वाटते.

आणि त्याच महाराष्ट्रात, २०१७ च्या मे महिन्यात, पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. जन्मतः गर्भाशय नसलेली सोलापूरकडची एकवीस वर्षांची तरुणी, आणि देणारी तिची आई. जगातलं अशा प्रत्यारोपणानंतरचं पहिलं मूल स्वीडनमध्ये २०१४ साली झालेलं, तेही जन्मतः गर्भाशय नसलेल्या बाईलाच. पण तिथे देणारीचं पोट उघडून दहा-दहा तासांची शस्त्रक्रिया होत असे. पुण्यात आईचं गर्भाशय दुर्बिणीच्या मदतीनं सोडवून घेतलं. ज्या पिशवीत आपण वाढलो तीच आपल्या पोटात! दुसऱ्याच दिवशी त्यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं, गुजरातमधल्या एका तरुणीवर, आणि तिला १८ ऑक्टोबर २०१८ रोजी मुलगी झाली, भारतातली अशी पहिली. तिचं गर्भाशय मात्र जन्मतः नसलेलं नव्हतं, नंतर निकामी झालेलं होतं. हे सगळं थक्क करणारं आहे. त्याचबरोबर मूल होईपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आईचं एक मोठं ऑपरेशन, मुलीची एकाहून अधिक, आणि खर्च. सव्वाशेतल्या किती जणींना हे पेलेल?

त्यापेक्षा सरोगसीचा मार्ग जास्त जणींचा. २०२१ च्या कायद्यानं पैसे देऊन होणारी सरोगसी बंद केली, पण गर्भाशय नसलेल्या बाईला परोपकारी सरोगसीची वाट ठेवली. मग २०२३ च्या मार्चमध्ये नियम बदलला, की बीज नवरा-बायकोचंच हवं. यातल्या काही जणींना स्त्रीबीजंही नीट तयार होत नाहीत. अशाच एकीनं सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं तिच्यापुरता तो नियम थांबवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियमच सुधारला. एका बाईच्या चिवटपणानं झालेलं हे काम फारसं कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही.

परत त्या १९३८ च्या फ्रँककडे येऊ. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना आज सांगते की योनिमार्ग तयार करायचाच असेल तर आधी डायलेटर, ऑपरेशन नंतर. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलींना एवढ्यानंच काम होतं. घाई नाही, मुलीला स्वतःला हवं असेल तेव्हा, तिच्या हातानं, तिच्या वेगानं. ऐंशी वर्षं फिरून गाडी त्याच स्टेशनात आली. मला हे सगळ्यात पटलेलं उत्तर आहे, कारण त्यात 'कुणासाठी' याचं उत्तर आपोआप मिळतं.

पण. रोज दहा ते तीस मिनिटं, दिवसातून एक ते तीनदा, कित्येक महिने, एकांत हवा. केळझरसारख्या गावात दोन खोल्यांचं घर, त्यात आईबाप, आजी, भावंडं. संडास कदाचित अंगणात. कडी लावता येईल अशी खोली कुठली, आणि लावली तर "काय करते गं आत?" असं बाहेरून कोण विचारणार नाही? डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्यानंतर रस्ते झाले, सोनोग्राफी तालुक्याला आली, सोळा वर्षांची मुलगी आईबरोबर सेवाग्रामला जाऊन निदान घेऊन येऊ शकते. डॉक्टर चांगली भेटली तर मुलीला एकटीला बसवून सगळं समजावूनही सांगते, पिशवीत घालून डायलेटर देते. बस संध्याकाळी केळझरला पोचते. आई ती पिशवी कपाटात सगळ्यात वर, पातळांच्या मागे ठेवते, आणि मुलीला सांगते की मोठे बाबा लग्नाला जातील त्या दिवशी बघू.